एका निबंधामागे हजार माणसं

१९९७ साली लॉस एंजेलिसला भरलेल्या सिग्राफ परिषदेला ४८,७०० माणसं आली होती. त्या वर्षी निवडलेले शोधनिबंध होते ४८, म्हणजे एका निबंधामागे हजाराहून थोडी जास्त माणसं. २०१९ साली ही परिषद पुन्हा त्याच शहरात भरली. या वेळी माणसं आली १८,७०० आणि निबंध होते १११, म्हणजे एका निबंधामागे १६८. बावीस वर्षांत गर्दी साठ टक्क्यांहून अधिक घटली आणि निबंध दुपटीच्या पुढे गेले.

सिग्राफ म्हणजे संगणकावर चित्र कसं घडवायचं, हा एकच प्रश्न घेऊन दरवर्षी उन्हाळ्यात भरणारी उत्तर अमेरिकेतली परिषद. पहिली १९७४ साली कोलोरॅडोतल्या बोल्डर गावात झाली, तेव्हा सहाशेच्या आसपास लोक जमले होते. पुढे तिच्यात ॲनिमेशनपटांचा महोत्सव आला, यंत्रसामग्रीचं प्रदर्शन आलं, नोकरभरती आली, गेम बनवणारे आले. विद्यापीठातला गणिती, स्टुडिओतला तंत्रज्ञ आणि चित्रपट घेऊन आलेला दिग्दर्शक आठवडाभर एकाच इमारतीत वावरतात. मुंबईत अशा महोत्सवांची नुकतीच सुरुवात झाली आहे, म्हणून सिग्राफचे आकडे आपण नीट वाचायला हवेत.

गर्दी घटली ती बहुतांशी प्रदर्शनाच्या दालनातली. १९९७ साली ॲनिमेशन करायचं तर खास, महागडं वर्कस्टेशन लागे. असं यंत्र विकत घेण्याआधी ते डोळ्यांनी पाहायचं, हात लावून पाहायचं, तर सिग्राफला जावं लागे. पुढे घरगुती संगणकातलं ग्राफिक्स कार्ड तेच काम करू लागलं, सॉफ्टवेअर इंटरनेटवरून उतरवता येऊ लागलं. त्या वर्कस्टेशनसाठी नाव कमावलेली सिलिकॉन ग्राफिक्स ही कंपनी २००६ आणि २००९ अशी दोनदा दिवाळखोरीत गेली. ग्राहकाला प्रदर्शनाचं कारण उरलं नाही. अभ्यासकाला परिषदेचं कारण मात्र उरलं.

निबंधांच्या निवडीची टक्केवारीही पाहू. १९९७ साली २६५ निबंध आले आणि ४८ घेतले, म्हणजे १८ टक्के. २००८ साली आलेले ५१८, घेतलेले ९०; १७ टक्के. २०१९ साली आलेले ३८५, घेतलेले १११, २९ टक्के. यावरून दर्जा सैल झाला असं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. २००८ पासून याच संस्थेची दुसरी परिषद, सिग्राफ एशिया, वर्षअखेरीला भरू लागली. वर्षाला एकच दार होतं, तिथे दोन झाली. अर्धवट निबंध घाईने पाठवण्याची गरज कमी झाली, आणि दोनच वर्षांत मूळ परिषदेकडे येणारे निबंध ५१८ वरून ३९० वर उतरले. छेद लहान झाला की टक्केवारी वाढतेच.

निबंध आणि चित्रपट एकाच छताखाली असण्याचं मोल १९८० सालीच दिसलं. बोइंग या विमान कंपनीत काम करणाऱ्या लॉरेन कार्पेंटर यांनी सिएटलच्या परिषदेत फ्रॅक्टल गणितातून डोंगर कसे उभे करायचे ते मांडलं आणि त्यावर स्वतः केलेला ‘व्हॉल लिब्र’ हा दोन मिनिटांचा चित्रपट दाखवला. कॅमेरा डोंगररांगांवरून उडत जातो, एवढाच विषय. समोर लुकासफिल्मची माणसं बसली होती. त्यांनी कार्पेंटरना तिथेच नोकरी देऊ केली, आणि १९८२ च्या ‘स्टार ट्रेक २’ मधला ग्रह याच तंत्राने जन्माला आला. नुसता निबंध वाचून हे झालं नसतं आणि नुसता चित्रपट पाहूनही नसतं.

१९८६ साली डॅलसला पिक्सारचा ‘लक्सो ज्युनियर’ दाखवला गेला. टेबलावरच्या दोन दिव्यांची ही गोष्ट संपल्यावर जिम ब्लिन हे ग्राफिक्समधले थोर अभ्यासक दिग्दर्शक जॉन लॅसेटर यांच्याकडे आले. आता सावल्यांच्या गणितावर प्रश्न येणार म्हणून लॅसेटर धास्तावले होते. ब्लिननी विचारलं, मोठा दिवा आई आहे की बाबा? ही आठवण लॅसेटर यांनीच सांगितलेली आहे. दोन जाती एका सभागृहात बसल्या की काय घडतं, ते यात आलं.

त्याच १९८६ च्या परिषदेत जेम्स काजिया यांनी प्रकाश एका पृष्ठभागावरून दुसऱ्यावर कसा जातो याचं समीकरण मांडलं. सोबत ते सोडवण्याची पाथ ट्रेसिंग ही रीतही दिली. ती रीत पूर्णपणे वापरून अख्खा ॲनिमेशनपट झाला तो २००६ सालचा ‘मॉन्स्टर हाउस’. कागदावरून पडद्यावर यायला २० वर्षं लागली, कारण तेवढी गणितं परवडणारे संगणक मधल्या काळात नव्हते.

आता दुसरी साखळी. ऑगस्ट २०१२ मध्ये डिस्नेच्या ब्रेंट बर्ली यांनी सिग्राफच्या एका कोर्समध्ये लाकूड, धातू, कापड, त्वचा या सगळ्यांवरचा प्रकाश मोजक्या आकड्यांत बसवण्याची आपली पद्धत उघड केली. ज्या ‘रेक-इट राल्फ’साठी ती पद्धत घडवली, तो चित्रपट लागायला अजून तीन महिने होते. जुलै २०१३ मध्ये त्याच कोर्सच्या पुढच्या वर्षीच्या सत्रात एपिक गेम्सच्या ब्रायन कॅरिस यांनी ती पद्धत गेमसाठी हलकी करून अनरियल इंजिन ४ या गेम घडवायच्या सॉफ्टवेअरमध्ये कशी बसवली ते सांगितलं. मार्च २०१५ मध्ये ते इंजिन कुणालाही फुकट उतरवून घेता येऊ लागलं. म्हणजे अमेरिकेतल्या एका स्टुडिओचं घरातलं तंत्र तीन वर्षांच्या आत नागपूर-कोल्हापुरातल्या विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर पोचू शकलं. आधी वीस वर्षं, मग तीन. यातलं काही श्रेय वेगवान यंत्रांचं आहे, पण स्टुडिओने आपलं तंत्र भर सभेत सांगून टाकणं हे मला त्याहून मोठं कारण वाटतं. कोर्सच्या टिपणांसकट सगळं खुलं ठेवलं होतं.

गेमवाल्यांची स्वतःची परिषद वेगळी. १९८८ साली ख्रिस क्रॉफर्ड यांच्या सॅन होजेतल्या दिवाणखान्यात पंचवीस-तीस जण जमले. ती गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्स २०२४ साली तीस हजारांच्या घरात पोचली. तिथला पूर्ण पास दोन हजार डॉलरच्या वर गेला होता आणि त्यावर नाराजीही होती. २०२६ साठी परिषदेने नावच बदलून ‘जीडीसी फेस्टिव्हल ऑफ गेमिंग’ केलं. फ्रान्सच्या आन्सी गावातला ॲनिमेशन महोत्सव १९६० पासूनचा, त्याला जोडलेला बाजार १९८५ पासूनचा. तिथे २०२३ ला १५,८२० नोंदणीकृत पाहुणे होते, २०२५ ला सुमारे १८,२००. म्हणजे जिथे चित्रपटांचा सौदा होतो तिथली गर्दी वाढते आहे.

मुंबईने सध्या हाच बाजाराचा रस्ता धरला आहे. मे २०२५ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात चार दिवस वेव्हज ही दृक्श्राव्य आणि मनोरंजन उद्योगाची शिखर परिषद झाली. सरकारी निवेदनांत आलेले तिचे आकडे असे: ९० हून अधिक देश, दहा हजारांवर प्रतिनिधी, बाजारात १,३२८ कोटींचे व्यवहार, महाराष्ट्र शासनाचे ८,००० कोटींचे करार. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, व्हीएफएक्स आणि गेमिंगचं धोरण मंजूर केलं, त्यात २०५० पर्यंत ३,२६८ कोटींची तरतूद आणि दोन लाख रोजगारांचं उद्दिष्ट आहे. या क्षेत्रासाठी केंद्राने मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज ही संस्था उभी करायला घेतली, तिला जवळपास ४०० कोटी दिले. पैसा कमी नाही आणि हेतूवरही माझा आक्षेप नाही. पण माणसं, देश आणि कोटी या मापांत निबंध कुठे येत नाही.

तो का यावा? फिक्की आणि ईवाय यांच्या अहवालानुसार भारतातला ॲनिमेशन-व्हीएफएक्स व्यवसाय २०२३ साली ११४ अब्ज रुपयांचा होता, २०२४ साली तो १०३ अब्जांवर आला. त्यामागे मोठा हात हॉलिवूडच्या संपांचा होता. लेखकांचा संप १४८ दिवस चालला, नटांचा ११८ दिवस. तिथे चित्रीकरण थांबलं की इथल्या स्टुडिओत वर्षभराने शॉट यायचे थांबतात. मग मालाड-अंधेरीतली आणि पुण्यातली, रात्र रात्र बसून दुसऱ्यांच्या चित्रपटांतली फ्रेमन् फ्रेम साफ करणारी मुलं घरी बसतात. त्यांच्या हातात कसब भरपूर आहे. ती वापरतात ती साधनं मात्र दुसऱ्या कुणाच्या तरी निबंधातून आलेली असतात.

सिग्राफ एशिया २००८ पासून सिंगापूर, योकोहामा, सोल, हाँगकाँग, शेनझेन, बँकॉक, ब्रिस्बेन, टोकिओ असं फिरत राहिलं. २०२५ पर्यंतच्या अठरा वर्षांत ते भारतात एकदाही आलं नाही. आपल्याकडे अभ्यासक नाहीत असंही नाही. संगणक-दृष्टी आणि ग्राफिक्सची आयसीव्हीजीआयपी ही परिषद १९९८ पासून भरते, २०१२ साली ती मुंबईत झाली. तिचा आणि स्टुडिओवाल्यांच्या मेळाव्यांचा मांडव मात्र एक नाही.

वाचायला तर आता अडचण उरलेली नाही. सिग्राफची पालक संस्था एसीएमने २००० सालापर्यंतचे आपले सगळे निबंध २०२२ मध्ये मोफत केले, म्हणजे काजियांचं समीकरण कुणालाही वाचता येतं. सिग्राफमध्ये निबंध साधारण जानेवारीत मागवतात, नाव झाकून चार-पाच परीक्षक तो तपासतात, लेखकाला उत्तर द्यायची संधी मिळते आणि जुलै-ऑगस्टमध्ये तो वाचला जातो. पुढच्या वेव्हजच्या तारखांच्या सात महिने आधी निबंध मागवणारं एक पान निघालं आणि परीक्षकांत आयआयटीची माणसं नि मालाडच्या स्टुडिओतले तंत्रज्ञ निम्मे निम्मे घेतले, तर पहिल्या वर्षी वीसच निबंध निघाले तरी चालतील.