तीव्र वेदना व चिरकालिक वेदना : परिचर्येच्या दृष्टीने

चिपळूण तालुक्यात कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी वसलेले पोफळी हे गाव कोयना प्रकल्पाच्या भूमिगत वीजगृहामुळे सर्वपरिचित आहे. अवतीभवतीच्या वाड्यांतून भातशेतीही होते. अशा परिसरातील एखाद्या दवाखान्यात एकाच सकाळी दोन रुग्ण आले, अशी कल्पना करू. एकाला गवताचा भारा उचलताना विंचू चावला आहे. तो हात धरून विव्हळत आहे. दुसरी, वर्षानुवर्षे लावणीत वाकून राबलेली प्रौढ स्त्री. तिची कंबर चार वर्षे दुखते आहे. पण ती बाकावर शांत बसली आहे आणि तिची नाडी व रक्तदाब प्राकृत आहेत. परिचारिकेचे लक्ष पहिल्याकडे आधी जावे, हे योग्यच. परंतु म्हणून दुसरीची वेदना किरकोळ ठरते काय? प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

तीव्र वेदना ही शरीराने दिलेली धोक्याची सूचना होय. तिचे कारण बहुधा सापडते आणि इजा भरून येताच ती ओसरते. तिच्यामुळे अनुकंपी मज्जासंस्था उद्दीपित होते. नाडी जलद चालते, रक्तदाब चढतो, घाम फुटतो. मात्र लाल विंचवाच्या दंशात घाम, थंड पडलेले हातपाय व वाढलेला रक्तदाब ही विषबाधेचीही लक्षणे असतात. पुढे फुप्फुसांत पाणी साचून प्राणावर बेतू शकते. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून या दंशाने होणारे मृत्यू पुष्कळ घटले. म्हणून अशा रुग्णाचा ठणका कमी करावयाचाच. पण त्याचा घाम केवळ वेदनेचा समजून त्याच्यावरील नजर काढावयाची नाही.

तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या अथवा पुन्हापुन्हा उद्भवणाऱ्या वेदनेस चिरकालिक म्हणतात. येथे सूचनेचे प्रयोजन बरेचसे संपलेले असते. पुष्कळदा मूळ इजा भरून येते, परंतु मज्जारज्जू व मेंदू अतिसंवेदनशील झालेले असतात. मेल्झॅक व वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या द्वारनियंत्रण सिद्धान्ताने, वेदनेचे संदेश मज्जारज्जूतच कमीअधिक होतात, या विचारास चालना दिली. झोप, भीती व चिंता यांचा वेदनेवर परिणाम होतो, तो यामुळेच. शरीर सतत क्षुब्ध राहू शकत नाही. म्हणून नाडी स्थिरावते, चेहरा निवळतो, वेदना मात्र राहते. तीव्र वेदनेची चिन्हे येथे शोधणारी परिचारिका रुग्णावर अविश्वास दाखविते, आणि हा अविश्वास रुग्णास दुसऱ्या दुखण्यासारखा जाचतो. रुग्ण सांगेल ती व सांगेल तेव्हा वेदना मानावी, हा परिचारिका मार्गो मॅककॅफरी यांचा १९६८ मधील विचार याच ठिकाणी मोलाचा ठरतो.

या भेदामुळे परिचर्याही बदलते. तीव्र वेदनेत दुखऱ्या भागास विश्रांती हितकर असते. चिरकालिक कंबरदुखीत अंथरुणास खिळणे अपायकारक, तर हळूहळू वाढविलेली हालचाल उपकारक ठरते. शस्त्रक्रियेनंतर वेदनाशामक वेळेवर द्यावे, रुग्ण असह्य होऊन मागेपर्यंत थांबू नये. उलट, कंबरदुखीसाठी वर्षानुवर्षे घेतलेल्या गोळ्यांनी जठर व मूत्रपिंड यांना इजा पोहोचते. म्हणून रुग्ण दुकानातून स्वतः काय आणून घेतो, हे विचारले पाहिजे. तीव्र वेदनेत उद्दिष्ट शमनाचे. चिरकालिक वेदनेत ते झोप, चालणे व नित्याची कामे परत मिळविण्याचे असते.

नोंद करताना शून्य ते दहा हा अंक पुरेसा नाही. ठणका, कळ, सणक, रग, ठुसठुस, मुंग्या, आग असे कितीतरी शब्द मराठीत आहेत. आग व मुंग्या हे शब्द मज्जातंतूंच्या विकाराकडे बोट दाखवितात, आणि त्याची औषधे निराळी असतात. म्हणून रुग्णाचा शब्द जसाच्या तसा टिपावा.

बाकावरील त्या स्त्रीस ‘किती दुखते?’ एवढेच विचारले, तर ‘आहे आपले’ असे म्हणून ती गप्प बसेल. ‘दुखण्यामुळे कोणते काम सुटले?’ असे विचारले, तर विहिरीचे पाणी, दळण, रात्रीची झोप, सारे ती सांगू लागेल. तिची परिचर्या त्या उत्तरापासून सुरू होते.