चुकांचा जमाखर्च

शस्त्रक्रिया यशस्वी झाली, असे आपण ऐकतो. पण वर्षभराने रोगी कसा आहे, हे कोण विचारतो? बॉस्टनचे शल्यवैद्य अर्नेस्ट कॉडमन (१८६९–१९४०) यांनी ते विचारले. १९११ मध्ये त्यांनी स्वतःचे छोटे रुग्णालय काढले आणि १९१६ पर्यंतच्या ३३७ रोग्यांच्या उपचारांत झालेल्या १२३ चुका छापून प्रसिद्ध केल्या. सहव्यवसायी दुखावले; प्राप्तीही घटली.

पुढे ते हाडांच्या अर्बुदांकडे, म्हणजे गाठींकडे वळले. हा रोग इतका विरळ, की एकट्या वैद्यापाशी अनुभव साचणार कसा? म्हणून १९२० च्या सुमारास त्यांनी सामाईक नोंदवही उघडली. ठिकठिकाणच्या वैद्यांकडून क्ष-किरणचित्रे, गाठींचे नमुने आणि रोग्याचे पुढे काय झाले याची हकीकत मागविली.

त्या काळी हाडाच्या कर्करोगात पाय कापूनही बहुतेक रोगी दगावत. आज औषधांच्या जोडीने पुष्कळांचा जीव वाचतो, आणि पायही. अशा नोंदी ताडून पाहिल्यावाचून ही मजल गाठता आली नसती. घरचा जमाखर्च आपण सारेच लिहितो. स्वतःच्या चुकांचा लिहून तो चारचौघांत वाचायला मात्र छाती लागते, असे आम्हांस वाटते.