प्रमाणपत्राविना विद्या

शिक्षण म्हणजे प्रमाणपत्र, हा समज आपल्याकडे इतका दृढ झाला आहे की, ज्या विद्यालयात प्रमाणपत्रच मिळत नाही त्यास विद्यालय म्हणावे काय, असा प्रश्न पुष्कळांस पडेल. राजस्थानात अजमेर जिल्ह्यातील तिलोनिया गावी असे एक विद्यालय आहे. श्री. बंकर रॉय यांनी १९७२ साली आरंभिलेल्या कार्यातून ते उभे राहिले व ‘बेअरफूट कॉलेज’ या नावाने जगास ठाऊक झाले.

सौरदीप जोडण्याची व दुरुस्त करण्याची विद्या घेण्यास येथे आफ्रिकेतील आणि अन्य खंडांतील खेड्यांतून स्त्रिया आल्या. कित्येक तर आजीबाई! अवधी सहा महिन्यांचा. अक्षरओळख नाही, एकमेकींची भाषा येत नाही. मग पाठ चालावा कसा? तो रंगांच्या खुणांनी, हातवाऱ्यांनी आणि पाहून करण्याने चालला. दिवसा पत्र्यावर पडणाऱ्या उन्हाची वीज होते. नियंत्रक ती बॅटरीत भरतो, प्रमाणाबाहेर भरू देत नाही की पार रितीही होऊ देत नाही. हा नियंत्रक या स्त्रिया आपल्या हातांनी जोडावयास शिकल्या.

आजीबाईच का? तरुण पुरुष प्रमाणपत्र हाती पडताच शहराची वाट धरतो, आजी मात्र गावी परतते, असे श्री. रॉय सांगत आले. शिकणारीची निवड गावाने करावयाची. रॉकेलवर पूर्वी होणाऱ्या खर्चाच्या मानाने घरटी मासिक वर्गणी ठरवावयाची व तीतून तिला वेतन द्यावयाचे. (हिशेबाची ही बाजू आम्हांस सर्वांत मोलाची वाटते.) द्रव्यसाहाय्य हा तात्पुरता उपाय, खरे ध्येय श्रमाने सन्मानाचे जीवन, असे पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात म्हटले आहे, त्याचे याहून सुबोध उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

सरकारने २०१५ साली सुरू केलेली ‘सूर्यमित्र’ योजना आम्ही कमी लेखीत नाही; मोठ्या प्रकल्पांना शिकलेले कारागीर हवेतच. परंतु जिला शाळाच लाभली नाही, तिला त्या दारातून प्रवेश कोठला?

तिलोनियाची वाटही सोपी नव्हे. ‘सोलर मामाज’ या २०१२ सालच्या माहितीपटात जॉर्डनची, चार मुलींची आई असलेली एक स्त्री दिसते. तू परत न आलीस तर काडीमोड देईन, मुली काढून घेईन, असे नवऱ्याने धमकावताच ती शिक्षण अर्धे टाकून घरी गेली. आणि पुन्हा तिलोनियास येऊन तिने ते पुरे केले.