मुळांचे राखणदार

सांगलीची हळद कोणाला माहीत नाही? हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, ती वर्षानुवर्षे साठवली जात असे. २०१८ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण बाजारात पिवळीधमक दिसणारी ही हळकुंडे मातीत असताना कोणत्या संकटातून जातात, याचा विचार तुम्ही कधी केला आहे का?

ऑगस्ट महिना आहे असे समजा. आठ दिवस पावसाची झड लागली आहे. काळ्या जमिनीत पाणी तुंबले आहे. हळदीच्या एका झाडाची पाने कडेने पिवळी पडतात. जमिनीलगत खोड मऊ लागते. ते हलकेच ओढले, तर सहज हातात येते आणि खाली पाहावे तर गड्डा कुजलेला! अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लावलेले बेणे, घातलेले शेणखत, केलेली मजुरी, सारे मातीमोल. शेतकरी या रोगाला कंदकूज म्हणतात.

कंदकुजीचा एक मोठा गुन्हेगार म्हणजे पिथियम. हा दिसायला बुरशीसारखा असतो. त्याच्या बीजाणूंना बारीक शेपट्या असतात व त्यांच्या साहाय्याने ते मातीतल्या पाण्यात चक्क पोहतात. पाणी तुंबले, की त्यांना जणू राजमार्गच मिळतो.

मग त्याच वाफ्यातला शेजारचा गड्डा कधी कधी ठणठणीत कसा राहतो? याची कारणे अनेक असतात. त्यांपैकी एक आपल्याला डोळ्यांनी दिसत नाही.

एक साधी गोष्ट करून पाहा. बांधावरचे एखादे तण मुळासकट उपटा आणि हलकेच झटका. बरीच माती गळून पडेल, पण थोडी मुळांना चिकटून राहील. जर्मन शास्त्रज्ञ लोरेंझ हिल्टनर यांनी १९०४ साली मुळांच्या प्रभावाखालच्या या मातीला ‘ऱ्हायझोस्फिअर’ असे नाव दिले. आपण तिला मूलपरिवेश म्हणू. पाने सूर्यप्रकाशात जे अन्न तयार करतात, त्यातला काही भाग मुळे साखर, आम्ले अशा रूपांत बाहेर सोडतात. हा झाला मातीतला अन्नछत्राचा मांडव! तेथे जीवाणूंची दाटी होते. एकेक जीवाणू मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा रुंद. पण चिमूटभर मातीत ते कोट्यवधी असतात.

या गर्दीत स्यूडोमोनास फ्लुओरेसेन्स आणि बॅसिलस सब्टिलिस हे दोन जीवाणू रोपाचे चांगले राखणदार आहेत. ते राखण कशी करतात?

पहिली युक्ती लोहाची. आपल्या काळ्या जमिनीत लोह पुष्कळ असते, पण बरेचसे न विरघळणाऱ्या स्वरूपात. स्यूडोमोनास लोह पकडून आणणारे पदार्थ मातीत सोडतो. त्यांना सिडेरोफोर, म्हणजे लोहवाहक, म्हणतात. उपलब्ध लोह असे एकाने गोळा केले, की रोगकारकाची उपासमार होते. अमेरिकेत क्लोपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली ही गोष्ट प्रसिद्ध केली.

दुसरी युक्ती शस्त्रांची. हे जीवाणू प्रतिजैविके तयार करतात. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात गव्हाच्या मुळांना ‘टेक-ऑल’ नावाचा रोग होतो. काही शेतांत गव्हावर गहू घेत गेल्यावर रोग आधी वाढला आणि काही वर्षांनी आपोआप ओसरला. तेथली थोडी माती दुसऱ्या मातीत मिसळली, तर हा गुण तिकडेही गेला. पण माती तापवली, तर गुण नाहीसा झाला. म्हणजे तो गुण मातीतल्या जिवंत वस्तीचा होता. शोध घेता प्रतिजैविक बनवणारे स्यूडोमोनास सापडले.

तिसरी युक्ती सर्वांत नवलाची. १९९१ साली नेदरलँड्समधील संशोधकांनी कार्नेशनच्या मुळांना जीवाणू लावले आणि रोगकारक खोडात सोडला. दोघांची गाठ पडली नाही, तरीही रोग कमी झाला! मुळाशी बसलेल्या जीवाणूंनी सबंध रोपालाच सावध केले होते.

आता साताऱ्याकडे वळू. तेथे आल्याचे पीक मोठे, आणि आले हे हळदीच्याच कुळातले. आल्यालाही कंदकूज होते. शिवाय राल्स्टोनिया नावाचा आणखी एक शत्रू आहे. तो पाणी वाहून नेणाऱ्या नलिका बंद करतो व झाड कोमेजते. गंमत अशी, की राल्स्टोनिया हासुद्धा मातीतला जीवाणूच! तेव्हा ‘जीवाणू’ म्हटला की तो मित्रच, असे समजू नका. कोमेजलेल्या झाडाच्या खोडाचा तुकडा स्वच्छ पाण्याच्या काचेच्या पेल्यात टांगून धरा. काही मिनिटांत दुधासारखी धार खाली उतरली, तर जीवाणूजन्य मर असल्याची दाट शंका घ्यावी. प्रयोगानंतर ते पाणी शेतात ओतू नका, उकळून टाका. हात साबणाने धुवा.

शेतकरी पुष्कळदा विचारतात, “झाड पिवळे पडले आहे, आता जीवाणूंचे पाकीट आणू का?” कुजलेला गड्डा जीवाणू पुन्हा सांधू शकत नाहीत. राखणदार चोरीच्या आधी नेमावा लागतो. म्हणून निरोगी बेणे निवडून लावणीपूर्वी जीवाणूंच्या द्रावणात बुडवतात, किंवा जीवाणू कुजलेल्या शेणखतात मिसळून देतात. पाकिटातले जीवाणू जिवंत असतात, म्हणून मुदत पाहावी आणि पाकीट उन्हात ठेवू नये. जीवाणूनाशक औषधाबरोबर ते मिसळले, तर राखणदारच मरतील.

राखणदार ठेवला म्हणून दार सताड उघडे टाकायचे नसते. गादीवाफे, पाण्याचा निचरा, पिकांची फेरपालट आणि भरपूर सेंद्रिय खत यांची जोड हवीच. निचरा झाला, तर पिथियमचा राजमार्ग बंद. सेंद्रिय खत मिळाले, तर मातीतली वस्ती नांदती.

सांगलीजवळ कसबे डिग्रज येथे महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या केंद्रात हळदीवर संशोधन चालते. गुरुजींना सांगून तेथे सहल काढता येईल. तोपर्यंत घरी एक काम करा. यंदा बेणे लावण्यापूर्वी वडिलांना किंवा आजोबांना विचारा, “आपल्या शेतात पाणी कुठे तुंबते?” ती जागा त्यांच्याबरोबर पाहून या. पावसाला अजून अवकाश असतानाच तेथे चर काढता येतो.