मुलांच्या हातचे मफिन

आणलेल्या केळ्यांपैकी दोन-तीन बहुधा मागे उरतात. सालीवर काळे ठिपके पडतात, गर मऊ होतो आणि मग त्यांना कोणी हात लावीत नाही. वस्तुतः केळे पिकत जाते तसतसे त्यातील पिष्टाचे साखरेत रूपांतर होते. त्यामुळे टाकाऊ वाटणारे हे फळ याच वेळी सर्वांत गोड असते. सुट्टीच्या दिवशी अशा केळ्यांचे मफिन करण्याचे काम आपल्या मुलांवर सोपवून पाहावे.

मफिन हे नाव परके असले, तरी फळाचा गर पिठात किंवा रव्यात कालवून गोड पदार्थ करणे आपल्याला नवे नाही. कोकणात फणसाच्या रसाची सांदणे उकडतात. काकडीची तवसळी पूर्वी खाली विस्तव व झाकणावर निखारे ठेवून भाजली जाई. मफिन हे त्यांचेच दूरचे भावंड होय.

साहित्य मोजके आहे. २०० मिलिलिटरची एकच वाटी सर्व मापांसाठी वापरावी. कणीक व मैदा मिळून दीड वाटी, साखर अर्धी वाटी, कुस्करलेल्या केळ्यांचा गर एक वाटी, ताजे दही पाव वाटीहून थोडे अधिक, तेल पाव वाटी, बेकिंग पावडर दीड लहान चमचा, खाण्याचा सोडा पाव लहान चमचा व चिमूटभर मीठ. चिकू किंवा सफरचंदाच्या बारीक फोडी अर्धी वाटी घेतल्यास लज्जत वाढते. फोडी कोरड्या पिठात घोळवून घ्याव्यात, म्हणजे त्या तळाशी बसत नाहीत. एवढ्यात सुमारे दहा मफिन होतात.

कामाची वाटणी वयाप्रमाणे करावी. चार-पाच वर्षांच्या मुलाने केळी कुस्करावीत व साच्यांत कागदी वाट्या मांडाव्यात. सात-आठ वर्षांच्या मुलाने मापे घ्यावीत, चमचा सपाट करावा, पीठ चाळावे. अर्धी आणि पाव यांचा अर्थ पाटीपेक्षा वाटीत लवकर उमगतो. दहा-बारा वर्षांच्या मुलाने मिश्रण कालवावे व साचे पाऊण भरावेत. विस्तवाचे काम मात्र मोठ्या माणसानेच करावे. कच्चे मिश्रण चाटू देऊ नये. कच्च्या पिठानेही पोट बिघडू शकते.

कालवण्यात एक मर्म आहे. कोरडे जिन्नस एका भांड्यात व केळी, साखर, दही आणि तेल दुसऱ्या भांड्यात एकत्र करावे. मग दोन्ही मिसळून पीठ ओले होईपर्यंतच हलक्या हाताने ढवळावे. थोड्या गुठळ्या राहिल्या तरी चालतील. फार घोटल्यास गव्हातील चिकटपणा वाढून मफिन चिवट होतात. दह्याची आंबटाई सोड्याला भेटताच वायूचे बुडबुडे सुटू लागतात, म्हणून मिश्रण तयार झाल्यावर खोळंबू नये.

ओव्हन १८० अंश सेल्सिअसपर्यंत आधी तापवून त्यात वीस ते पंचवीस मिनिटे भाजावे. ओव्हन नसल्यास जाड बुडाच्या पातेल्यात मिठाचा थर पसरून त्यावर तिवई ठेवावी व झाकण लावून मंद आचेवर दहा मिनिटे तापवावे. मग साचे किंवा तेल लावलेल्या स्टीलच्या लहान वाट्या आत ठेवून अर्धा तास झाकावे. मध्यभागी खुपसलेली काडी कोरडी निघाली, की भाजणे पूर्ण झाले. पातेल्यातील मफिन वरून तांबूस होत नाहीत, पण चवीला उणे नसतात.

येथवरची कृती सोपी आहे. कठीण काम आपले आहे. मूल पीठ सांडते, चमचा सावकाश फिरवते आणि आपला हात नकळत पुढे जातो. तो आवरावा. अर्ध्या तासाच्या तयारीला तास लागेल, हे आधीच गृहीत धरावे. हातचे काम कोणी काढून घेतले, की ‘मला हे जमत नाही’ एवढेच मूल शिकते. मफिन बसके झाले तर रागावण्याऐवजी कारण त्यालाच शोधू द्यावे: सोडा विसरला का, फार घोटले का, झाकण वारंवार उघडले का? पुढच्या खेपेला ती चूक ते स्वतःच टाळील.

यात मुलगा-मुलगी असा भेद करू नये. स्वयंपाक बहिणीचा आणि खाणे भावाचे, ही समजूत लहानपणीच मोडली तर ती पुढे मोडत बसावी लागत नाही. भांडी विसळणे, ओटा पुसणे हेही त्याच कामाचे अंग समजावे. शेवटी मफिन वाटण्याचा मान मुलांना द्यावा. आजी-आजोबांच्या हाती स्वतः केलेला खाऊ ठेवताना घरातील आपली जागा त्यांना कळते. आणि एरवी फळ पाहून तोंड फिरवणारे मूलही स्वतः कुस्करलेल्या केळ्याची चव बहुधा घेऊन पाहते.