कच्चं लिखाण

रायपूरच्या सदर बाजारात सराफांच्या पेढ्या रस्त्याला लागून आहेत, आणि कारागीर बसतात वरच्या मजल्यांवर. आमच्या रविवारच्या मराठी वर्गातली मुलं तिथे एका चांदीच्या कारागिराकडे जाऊन आली. वर्ग जवळच्याच एका घरात भरतो. ही मुलं घरी मराठी बोलतात, शाळेत हिंदी नाहीतर इंग्रजीतून शिकतात आणि गल्लीत त्यांच्या कानावर छत्तीसगढी पडते. बोलायला कुणी अडत नाही. लिहायला बसवलं, की मात्र 'माझी आई', 'माझा आवडता सण' असे पाठ केलेले निबंध बाहेर पडतात. म्हणून मी विषय देत नाही, आधी काहीतरी बघायला नेते.

परत आल्यावर लगेच वही उघडायची नाही, आधी बोलायचं. पालकांना हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो, मला तोच सगळ्यात मोलाचा वाटतो. कुणाला गळ्यातला सुता आठवतो, कुणाला हातातली ऐंठी. आजीची पुतळ्यांची माळ आणि इथली पुतरी एकच की वेगवेगळी, यावर वाद रंगतो. बोलून बोलून प्रत्येकाकडे दोन-चार वाक्यं तयार होतात. मग ती कागदावर उतरवायला फार कष्ट पडत नाहीत.

नऊ वर्षांच्या एका मुलीने लिहिलं: 'काका ने चांदी चा हार बनवला. खूप छान होता. मला खूप मजा आली.' प्रत्यय सुटे, कारण हिंदीत ते तसेच लिहितात. मी लाल पेन हातात घेत नाही. तिने ते सगळ्यांना वाचून दाखवलं. ऐकणाऱ्यांनी चांगलं-वाईट म्हणायचं नाही, फक्त विचारायचं.

"हार कुठे होता? करधन होती ना ती, कमरेची!"

"आणि बनवली कुठे? काका तर नुसती जोडून राहिले होते."

"कशाने जोडली?"

ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "नळी होती ना. त्यात फुंकत होते, मावशी." किती वेळ फुंकत होते, तोंड कसं दिसत होतं, ज्योत कुठे गेली, असे प्रश्न येत गेले आणि तिला एकेक आठवत गेलं. जोडावर टाकलेली पांढरी सवागी, म्हणजे टाकणखार, तापल्यावर फुगून वर येते आणि मग वितळून पसरते, हे तिने इतर सगळ्यांपेक्षा नीट पाहिलं होतं. लिहिताना ते सगळं 'खूप छान'च्या खाली दबलं होतं.

दुसऱ्या खर्ड्यात आलं: 'काका नळीतून फुंकत होते. त्यांचे गाल फुगले पण ते थांबले नाही. आग वाकडी झाली. पांढरी पावडर फुगली आणि मग पानी झाली. मग कडी चिकटली.' यातला एकही शब्द माझा नाही. 'मजा आली' हे वाक्य तिने आपणहून खोडलं.

लेखन शिकवायचं म्हणजे वळणदार अक्षर आणि शुद्धलेखन, अशीच आपल्याकडे समजूत आहे. दोन्ही हवंच, पण शेवटी. पहिल्याच ओळीत ऱ्हस्व-दीर्घाला धरलं, की मूल बिनचूक येतील तेवढेच शब्द वापरतं आणि पाहिलेलं पोटातच ठेवतं. फलटणला शिक्षणतज्ज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी उभ्या केलेल्या कामाकडे मी याच कारणासाठी पुन्हा पुन्हा बघते. तिथलं कमला निंबकर बालभवन १९८६ सालचं. मुळाक्षरांचा क्रम बाजूला ठेवून, ज्या अक्षरांतून अर्थाचे शब्द लवकर जुळतात ती आधी शिकवायची, आणि मुलाची घरची बोली वर्गात मान्य करायची, हा त्या कामाचा पाया. भोपाळच्या 'एकलव्य' संस्थेने १९८५ मध्ये सुरू केलेल्या 'चकमक' या मुलांच्या हिंदी मासिकातही मुलांचं लिखाण छापून येतं. मी ती पानं वर्गात वाचायला देते. आपल्यासारख्याच मुलाचं छापलेलं वाचलं, की आपलंही वाचण्याजोगं आहे हे पटतं. शिवाय स्वतःचा खर्डा मोठ्याने वाचताना गळलेला शब्द जिभेला अडतो. अडखळत वाचणारी मुलं अशी हळूहळू सुधारताना मी पाहिली आहेत.

हिंदीमुळे मुलांचं मराठी बिघडतं, ही पालकांची नेहमीची तक्रार. ती या शहरात ऐकली की मला माधवराव सप्रे आठवतात. घरची मराठी असलेल्या या माणसाने १९०० साली पेंड्रा इथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढलं, 'दासबोध' आणि 'गीतारहस्य' हिंदीत आणलं. दोन्ही भाषांना त्यांनी सारखाच जीव लावला. आमच्या मुलांकडे तर तीन आहेत. कच्च्या खर्ड्यात त्या तिन्ही चालतात.

शेवटच्या फेरीत सुटे प्रत्यय शब्दांना जोडले, 'थांबले नाही'चं 'थांबले नाहीत' झालं, 'पानी'चं 'पाणी'. एका आईने 'आग वाकडी झाली' याला हरकत घेतली. "ज्योत वळली असं हवं," त्या म्हणाल्या. मुलीने विचार केला आणि नाही म्हणाली, कारण तिला ती वाकडीच दिसली होती. वर्गाने काढलेल्या पुस्तिकेत तिचंच वाक्य गेलं.