धुक्यात जास्त उजेड नको, योग्य उजेड हवा

मालेगावहून भिवंडीला कापडाच्या गाठी पाठवणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याला कसारा घाट ठाऊक आहे. पावसाळ्यात तेथे असे धुके उतरते की दहा पावलांपुढचे दिसत नाही. एकदा पहाटे माझा माल घेऊन निघालेला भाड्याचा टेम्पो याच घाटात उभ्या ट्रकवर आदळता आदळता वाचला. ट्रकचे मागचे दिवे बंद होते आणि आमच्या ड्रायव्हरने अप्पर लावला होता. शिवाय "बाजार उघडण्याआधी माल पोहोचलाच पाहिजे" असा तगादा माझाच होता.

धुके म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे बारीक थेंब. अप्परचा झोत त्यांवर पडून उलट ड्रायव्हरच्याच डोळ्यांवर येतो आणि समोर पांढरा पडदा उभा राहतो. काश्मीरकडे बर्फ पडताना हाच अनुभव येतो. म्हणून अशा वेळी डिप्परच ठेवावा.

काही जण ६०/५५ वॅटच्या जागी १००/९० वॅटचा बल्ब बसवतात. त्याने पडदा अधिकच पांढरा होतो, होल्डर व वायरी तापून वितळतात. पिवळी काच धुके कापते, हाही गैरसमजच. धुक्याचे थेंब सगळेच रंग जवळजवळ सारखे विखुरतात. फ्रान्समध्ये पिवळ्या हेडलाइटची सक्ती होती, तीही १९९३ मध्ये उठली. फॉगलॅम्पचा खरा गुण रंगात नसून जागेत आहे. तो बंपरजवळ खाली बसवलेला असावा, झोत रुंद आणि सपाट पडावा. मग रस्त्याची कड व पांढरा पट्टा दिसतो.

कमी खर्चाचे उपाय आधी करावेत. काचा पुसाव्यात, अर्थिंग घट्ट करावे. बल्बपर्यंत व्होल्टेज दहा टक्के कमी पोहोचले, तर सुमारे एक तृतीयांश उजेड जातो. जाड वायर व रिले बसवल्यास तो परत मिळतो.

मागची बाजूही तितकीच महत्त्वाची. लोंबती ताडपत्री टेललाइट झाकते, चिखल लाल रिफ्लेक्टर झाकतो. गाडी बंद पडली तर ती रस्त्याच्या कडेला घ्यावी आणि दिवे चालू ठेवावेत. दिसेल तेवढ्या अंतरात गाडी थांबेल, एवढाच वेग ठेवावा.

माल लादताना आपण गाठी मोजतो, बिल्टी तपासतो. तेव्हाच गाडीभोवती एक फेरी मारून दिवेही पाहावेत आणि ड्रायव्हरला "उशीर झाला तरी चालेल" असे आपल्या तोंडाने सांगावे. मालाचा विमा उतरवता येतो. ड्रायव्हर मात्र त्याच्या मुलाबाळांची आपल्याकडे सोपवलेली अमानत आहे.